झाडावर चढलेला माणूस

मे महिन्याच्या पहिल्या तारखेस ख्रिस्तसभा कामगार संत योसेफाचा सण पाळते. श्रमाची प्रतिष्ठा जगापुढे ठेवावी ह्या हेतूने पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. नाझरेथच्या त्या सुताराचा सारा जन्म लाकडाच्या सहवासात गेला. ओंडका निवडणे, तो कापणे, तासणे ही कामे त्याच्या हातांना ठाऊक असलीच पाहिजेत. नेमक्या ह्याच दिवसांत आपल्या हुबळीत वळवाचे ढग जमू लागतात. दुपार कलली की आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि मग जो वारा सुटतो, तो वर्षभर निमूट उभी असलेली झाडे हलवून पाहतो. दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणे असते: अमक्या गल्लीत झाड पडले, तमक्या ठिकाणी फांदीने तारा तोडल्या.

आमचे देशपांडे नगर ही जुनी वसाहत. सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह येथेच आहे, आणि त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल ह्यांचे वास्तव्यही येथेच होते. अशा जुन्या वसाहतीत घरांबरोबर झाडेही म्हातारी होतात. ज्यांनी ती लावली ते देवाघरी गेले. झाडे मात्र कौलांवर, गच्चीवर, विजेच्या तारांवर आपले जड हात टेकून उभी आहेत. म्हणून एप्रिल-मे आला की घरोघर एकच घाई उडते. पावसापूर्वी झाड तोडून घ्यावयाचे असते, निदान फांद्या तरी उतरवून घ्यावयाच्या असतात. अशा वेळी कोपऱ्यावरून एखाद्या माणसाला बोलावून आणतात. तो कोयता घेऊन वर चढतो आणि आपण ओसरीवर उभे राहून पाहत असतो. आज लिहावयाचे आहे ते त्या वर चढलेल्या माणसाविषयी.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या अंगणातील पीतमोहोराची एक जाड फांदी छपरावर झुकली होती. तीन माणसे आली. त्यांनी एक रक्कम सांगितली. मी घासाघीस करून ती बरीच खाली आणली आणि आपण व्यवहारचतुर आहोत असे मनाशी मानले. तिघांपैकी एकजण अनवाणी वर चढला. त्याच्या कमरेला एक पिवळा दोर होता. पण तो झाडाला बांधलेला नव्हता, वर गेल्यावर कुऱ्हाड ओढून घेण्यासाठी होता. त्याने फांदीवर पाय रोवून वरून घाव घालण्यास सुरुवात केली. फांदी निम्मीही तुटली नव्हती, तोच ती स्वतःच्या भाराने मोडली, खोडाची साल सोलीत खाली लोंबली आणि तिच्या बुंध्याच्या उसळीने त्याचे पाय निसटले. एका हाताने तो वरच्या फांदीला लोंबकळत राहिला. खाली उभे असलेले दोघे त्याचे नाव घेऊन ओरडले.

वाचकहो, त्याचे नाव मी त्या क्षणी प्रथम ऐकले. तोवर मी त्याचा भाव विचारला होता; नाव विचारण्याची गरज मला वाटली नव्हती. दैव बलवत्तर म्हणून त्याचा पाय खोडाला लागला व तो उतरला. खरचटलेला हात त्याने नळाखाली धरला. घासाघिशीत वाचविलेले पैसे मी लाजून त्याच्यापुढे धरले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “यजमान, काम पुरे झाल्यावर द्या.” आणि तो पुन्हा वर चढला.

त्या दिवसापासून हे काम वस्तुतः कसे करावयास हवे, ह्याची माहिती मी मिळवू लागलो. तीच येथे देत आहे. वाचकांनी स्वतः झाडावर चढावे हा हेतू नव्हे. ज्याला आपण वर पाठवितो, त्याच्या जिवाची जोखीम कशात आहे हे आपल्याला ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे.

आधी झाडाची परीक्षा

झाड पाडण्यापूर्वी ते पाडणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न विचारावा. लूककृत शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आहे. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, एक वर्ष थांबा, मी सभोवार खणून खत घालतो. आपल्याच भागातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. हावेरी जिल्ह्यातील सवणूर येथे गोरखचिंचेचे तीन प्रचंड पुरातन वृक्ष आहेत. त्यांपैकी एक २०२३ च्या पावसाळ्यात उन्मळून पडला. त्याचे सरपण न करता तो यंत्रांच्या साहाय्याने पुन्हा उभा करण्यात आला. प्रत्येक झाडाच्या बाबतीत हे शक्य नसते हे खरे. परंतु कुऱ्हाडीपूर्वी विचार हवा, एवढा बोध त्यातून घेता येतो.

झाड धोक्याचे झाले आहे हे काही खुणांवरून ओळखता येते. बुंध्यापाशी अळंबी उगवली असतील, तर आतले लाकूड वा मुळे कुजत असण्याचा संभव असतो. खोडावर लाकडी हातोड्याने ठोकून पाहावे. भरीव खोडाचा नाद वेगळा आणि पोकळ खोडाचा वेगळा. दोन जाड फांद्या जेथे फुटतात त्या बेचक्यात उभी चीर दिसली, किंवा झाड ज्या बाजूस कलले आहे त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन उचललेली, भेगाळलेली दिसली, तर विलंब करू नये. गुलमोहोर व पीतमोहोर ह्यांचे लाकूड ठिसूळ असते. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या फार लांब जातात आणि पाण्याने भिजल्यावर अधिकच जड होतात. त्यातच आपण बुंध्याला चिकटून फरश्या व सिमेंट घालतो, गटारासाठी चर खणताना मुळे छाटतो आणि मग झाड पडले की त्यालाच दोष देतो.

परवानगीचा विषयही येथेच सांगितला पाहिजे. आपल्या राज्यात १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड आपल्या अंगणात असले, तरी ते तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अधिकारी पाहणी करतो आणि परवानगी देताना नवी झाडे लावण्याची अट घालू शकतो. महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ चा असाच कायदा आहे, आणि तेथे हे काम वृक्ष प्राधिकरणाकडे असते. पुष्कळांना ही कटकट वाटते. परंतु त्या निमित्ताने जाणत्या माणसाचा डोळा झाडावरून फिरतो, हा लाभ लहान नव्हे.

दोर, पट्टा आणि गाठ

झाडावर चढण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. गोव्यात नारळ पाडणारा तो पाडेली आणि माडाची सूर काढणारा तो रेंदेर. रेंदेर दिवसातून तीन वेळा माडावर चढतो, आणि त्यासाठी माडाच्या खोडात पाय ठेवण्यापुरत्या खाचा केलेल्या असतात. पायांत दोराचे कडे अडकवून माडावर सरसर जाणारी माणसे कोकणात व वसईतही आपण पाहिली आहेत. ह्या विद्येत धैर्य आहे, कसब आहे; परंतु पाय चुकला तर अडविणारे काही नाही. आणि माड सरळसोट असतो. फांद्याफांद्यांचे जुने झाड तोडावयाचे म्हणजे तोल, भार आणि धार ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

दहा मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे तिसऱ्या मजल्यावरून, पडलेला माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून ह्या व्यवसायात पहिला नियम असा की, जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीवर येईपर्यंत चढणारा कोणत्या तरी एका दोराने झाडाशी जोडलेला असला पाहिजे. आणि करवत चालविताना तो एकाने नव्हे, तर दोन दोरांनी जोडलेला असावा. कारण करवतीचे पाते चुकून एका दोराला लागले, तर दुसरा त्याला तारील.

हा दोर कमरेला गुंडाळून चालत नाही. नुसत्या कमरेच्या दोरावर माणूस लोंबला, तर तो दोर वर सरकून बरगड्यांत रुततो आणि श्वास कोंडतो. त्यासाठी ‘हार्नेस’ नावाचा रुंद पट्ट्यांचा साज असतो. तो कमरेभोवती व दोन्ही मांड्यांभोवती बसतो आणि माणसाचा भार वाटून घेतो. त्याला धातूच्या कड्या असतात. चढण्याचा दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा व ह्याच कामासाठी विणलेला असतो; तो सुमारे अडीच हजार किलोचा ताण आल्याखेरीज तुटू नये अशी अपेक्षा असते. एका माणसासाठी एवढे बळ कशाला, असे वाटेल. परंतु दोर जुना होतो, गाठीपाशी त्याचे बळ घटते, आणि पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. बाजारात गाठोडी बांधण्यासाठी मिळणारा स्वस्त प्लास्टिकचा दोर ह्या कामाचा नव्हे. तो उन्हाने ठिसूळ होतो व त्याची गाठ सरकते. दोर कृत्रिम धाग्याचा असेल, तर दुसरा दोर त्यावरून वेगाने घासत गेल्यास तो उष्णतेने वितळून तुटू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोर वर कसा पोहोचतो? सराईत माणूस आधी एक बारीक दोरी घेतो. तिच्या टोकाला लहान वजनदार पिशवी बांधून ती भक्कम बेचक्यातून पलीकडे टाकतो आणि त्या दोरीने मोठा दोर ओढून घेतो. मग खालूनच त्याला दोघांनी लोंबकळून तो बेचका भार सोशील की नाही हे पाहतात. त्यानंतरच वर जावयाचे. चढताना उपयोगी पडते ती सरकती गाठ. कार्ल प्रुसिक ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली एक गाठ प्रसिद्ध केली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. मुख्य दोराभोवती लहान दोराचे वेढे दिले की हाताने ती गाठ वर सरकविता येते, पण तिच्यावर भार पडला की ती घट्ट आवळते. चढणारा दमला, घसरला, त्याला भोवळ आली, तरी ती गाठ त्याला धरून ठेवते. आज ह्या गाठीचे अनेक सुधारलेले प्रकार व यांत्रिक साधने निघाली आहेत. तत्त्व मात्र तेच आहे.

पायांना लोखंडी काटे बांधून खोडात रोवीत चढण्याचीही एक रीत आहे. ती केवळ पाडावयाच्या झाडापुरतीच योग्य होय. जे झाड राखावयाचे आहे, त्याला प्रत्येक काट्याबरोबर जखम होते व तिच्यातून कीड शिरते.

साखळीची करवत

कुऱ्हाड व आडवी करवत ह्यांची जागा आता साखळीच्या करवतीने घेतली आहे. आपल्याकडचे कामगार तिला ‘मशीन’च म्हणतात. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील ह्यांनी १९२६ साली विजेवर चालणाऱ्या अशा करवतीचे पेटंट घेतले. परंतु तिची साखळी लवकर बोथट होई. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी पाहिली. ती अळी आपल्या दोन जबड्यांनी डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने लाकूड कुरतडीत सहज पुढे सरकते. त्यावरून त्याने साखळीचे दात तसेच बनविले, आणि १९४७ च्या सुमारास ती साखळी बाजारात आली. आज जगभर हीच घडण चालते. देवाने एका क्षुद्र अळीला दिलेले कसब माणसाने असे उचलले आहे.

ह्या करवतीने तासाचे काम मिनिटांत होते, आणि अपघातही तितक्याच त्वरेने होतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत एकाएकी चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून ती नेहमी दोन्ही हातांनी धरावी आणि खांद्याच्या वर उचलून चालवू नये. झाडावर नेण्यासाठी लहान, हलकी व वरून मूठ असलेली करवत वेगळी असते. जमिनीवरची मोठी करवत दोराने बांधून वर घेऊन जाणे हे आपल्याकडे सर्रास दिसते. ते संकटाला आमंत्रण होय. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाळी वा चष्मा, कानांवर आवरण, पायांत मजबूत बूट आणि पायांना खास विजार, असा पोशाख असावा लागतो. ह्या विजारीच्या आत लांब व चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागताच ते धागे ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी क्षणात थांबते. लुंगी नेसून, अनवाणी पायाने ही करवत चालविणारा माणूस आपण पाहिला असेल. त्याच्या मांडीत व त्या दातांत काहीच आड नसते.

फांदी कशी उतरवावी

आमच्या पीतमोहोराची फांदी जशी फाटली, तशी ती फाटू नये म्हणून तीन घावांची रीत आहे. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चौथाईइतका घ्यावा. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे, वरून. फांदी मोडली, तरी तिची साल पहिल्या कापापाशी येऊन थांबते व खोड सोलले जात नाही. भार उतरल्यावर उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. हा शेवटचा काप कोठे घ्यावा ह्याविषयी अमेरिकन वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो ह्यांनी पुष्कळ संशोधन केले. फांदी खोडाला जेथे मिळते तेथे मानेभोवतीच्या गळपट्टीसारखा एक फुगीर भाग असतो. त्याच्या लगेच बाहेर कापावे. गळपट्टीच कापली, तर जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला, तर तो कुजतो आणि कूज आत उतरते. झाड आपली जखम माणसासारखी भरून काढीत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंत उभी करून त्याला वेगळे पाडते व वरून नवे लाकूड चढविते. म्हणून कापलेल्या जागी डांबर वा रंग फासण्याने काही साधत नाही.

झाडाचा शेंडा सरसकट छाटून त्याला ‘बोडके’ करण्याची जी चाल पडली आहे, तीही घातक आहे. त्या जागी झुबक्याने फुटणाऱ्या नव्या फांद्यांचे मूळ उथळ असते. दोनचार वर्षांनी त्या जाड होतात आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात निखळतात.

खाली घर, भिंत किंवा तारा असतील, तर फांदी नुसती सोडून चालत नाही. ती दोराने उतरवावी लागते. ओल्या लाकडाचा भार किती असतो ह्याची पुष्कळांना कल्पना नसते. चाळीस सेंटिमीटर व्यासाचा व एक मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे सव्वाशे किलो भरतो. म्हणून कापण्यापूर्वी फांदीला दोर बांधतात, तो वरच्या भक्कम बेचक्यातील कप्पीतून खाली घेतात आणि बुंध्याभोवती त्याला दोनतीन वेढे देतात. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकटा गडी आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार हळूहळू सोडू शकतो. बंदरात नावेचा दोर खुंट्याला वेढे देऊन धरतात तोच हा न्याय. मात्र भार कप्पीला टांगला की ज्या फांदीवर ती कप्पी आहे तिच्यावर सुमारे दुप्पट ताण येतो, आणि ओंडका एकदम पडून हिसक्याने थांबला तर त्याहूनही अधिक. कुजक्या झाडावर ही युक्ती म्हणजे माणसासकट झाड मोडणे होय. अशा झाडाला हात लावण्यापेक्षा क्रेन वा उचलणारी पाळण्याची गाडी आणावी. आमच्या गल्ल्यांत ती शिरत नाही हे खरे. परंतु जेथे शिरते, तेथे भाड्याकडे पाहून माणसाला वर चढविणे योग्य नव्हे.

फांद्या उतरल्यावर उरलेले खोड जमिनीवरून पाडतात. ज्या बाजूला झाड पडावयास हवे त्या बाजूने प्रथम पाचरीच्या आकाराची खाच घेतात. तिची खोली जाडीच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असते. मग मागील बाजूने, किंचित वरच्या पातळीवर काप घेतात. दोन्ही काप एकमेकांना भिडवावयाचे नसतात. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी राखतात. ती दाराच्या बिजागरीसारखे काम करते व झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. ती पट्टी कापली गेली, तर झाड कोठेही जाईल. पडताना पळावयाची वाट आधीच मोकळी करून ठेवावी, आणि ती मागच्या बाजूस तिरकी असावी. झाडाच्या उंचीच्या दुपटीइतक्या परिसरात कामाखेरीज कोणीही उभे राहू नये. आपल्याकडे झाड पडताना पाहण्यास मुले गोळा होतात. त्यांना आवरणे हे घरमालकाचे काम आहे.

तारा

आमच्या वसाहतीत झाडांना वाऱ्याइतकाच तारांचाही शेजार आहे. वीज लाकडातून जात नाही असा समज आहे, आणि तो प्राणघातक आहे. ओले, रस असलेले लाकूड वीज वाहून नेते. पावसात भिजलेला दोरही तेच करतो. फांदी तारेला टेकली असेल, तर चढणाऱ्याने तारेला शिवण्याचीही आवश्यकता नसते. ह्या कामाचे खास शिक्षण न घेतलेल्या माणसाने चालू तारेपासून निदान तीन मीटर अंतर राखावे. तारेजवळची फांदी काढावयाची असेल, तर आधी हेस्कॉमच्या कार्यालयात कळवून वीज बंद करून घ्यावी आणि त्यांचा माणूस समक्ष ‘बंद आहे’ असे सांगेपर्यंत शिडी लावू नये. शेजाऱ्याच्या घरातील दिवे गेले म्हणजे रस्त्यावरची तार मेली असे समजू नये.

घरमालकाचे उत्तरदायित्व

ही सारी साधने महाग आहेत आणि रोजंदारीवर येणाऱ्या माणसाकडे ती कोठून असणार, असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. नारळाच्या बाबतीत ह्याचे उत्तर काही अंशी सापडले आहे. नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळवृक्षाचे मित्र’ ही योजना काढून तरुणांना, स्त्रियांनासुद्धा, यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील जोसेफ ह्यांनी बनविलेले चढण्याचे यंत्र आज चोहीकडे वापरले जाते. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाने अपघात विम्याचीही सोय केली आहे. रस्त्यावरची व अंगणातली झाडे तोडणाऱ्यांच्या वाट्याला मात्र असे शिक्षण क्वचितच येते. तो बापाकडून वा चुलत्याकडून शिकतो, आणि जो चुकतो तो शिकविण्यास मागे राहत नाही.

अशा वेळी धर्मग्रामातील मंडळांना करण्याजोगे एक काम आहे. एक हार्नेस, एक उत्तम दोर, दोन हेल्मेटे आणि पायांची एक विजार एवढे साहित्य दहा घरांनी मिळून विकत घेतले, तर कोणालाही जड जाणार नाही. ते एका घरी ठेवावे, प्रत्येक उन्हाळ्याच्या आरंभी दोर तपासावा, आणि कोणाच्याही अंगणात झाडाचे काम निघाले की द्यावे. मात्र साज हाती दिला म्हणजे विद्या आली असे नव्हे. पहिल्या खेपेस जाणत्या माणसाकडून तो वापरण्यास शिकवून घ्यावे, आणि सराव जमिनीपासून हातभर उंचीवर करावा.

ज्याच्याजवळ ह्यांतले काहीच नाही, त्यालाही चार प्रश्न विचारता येतात. वर चढणाऱ्याचा दोर झाडाला बांधलेला आहे काय? तारा बंद आहेत काय? खाली कोण उभे राहणार आणि मुलांना कोण आवरणार? आणि वर काही घडले, तर त्याला खाली आणू शकेल असा दुसरा चढणारा व दुसरा दोर हजर आहे काय? हा शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. शुद्ध हरपलेला माणूस साजात निश्चल लोंबत राहिला, तर थोड्याच मिनिटांत त्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. गाडी बोलावून ती येईपर्यंत थांबणे पुरेसे नसते. ह्या चारांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्या दिवशी काम होऊ नये. फांदी आणखी दोन दिवस छपरावर राहिली, तर फार तर चार कौले फुटतील.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा. नाही तर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. पडणाऱ्याने जपून चालावे असे तेथे म्हटलेले नाही. कठडा बांधण्याचे कर्तव्य घरधन्याचे आहे. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर झाडतोडीचाच अपघात आहे. शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून त्याला लागले व तो मेला, तर ज्याच्या हातून हे अजाणता घडले त्याने कोठे आश्रय घ्यावा, हे तेथे सांगितले आहे. अजाणता घडलेल्याला आश्रय आहे. परंतु ज्याला धोका ठाऊक आहे आणि जो चार पैशांसाठी डोळे मिटतो, त्याला ‘अजाणता’ म्हणता येईल काय?

वेतनाचीही गोष्ट तीच. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ च्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात बजाविले आहे की, मजुरी दोघांच्या संमतीने ठरली एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी माणूस कोणतीही अट मान्य करतो. झाडावर चढणारा आपला भाव कमी करतो, तेव्हा तो कशातून कमी करतो हे पाहावे. तिसरा गडी तो आणीत नाही, नवा दोर घेत नाही, आणि दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकतो. आपण वाचविलेले पैसे त्याच्या सुरक्षिततेतूनच वजा झालेले असतात.

शुभवर्तमानात झाडावर चढलेला एक माणूस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. यरीहो नगरातून प्रभू जात असता जक्कय त्याला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला. प्रभू त्या झाडाखाली आला, त्याने वर पाहिले आणि जक्कयाला नावाने हाक मारून त्वरा करून खाली येण्यास सांगितले. गर्दीतील लोकांना तो केवळ एक जकातदार होता. प्रभूने मात्र त्याला नाव घेऊन बोलाविले आणि त्याच्या घरी तो पाहुणा झाला.

आमच्या अंगणातील पीतमोहोर अजून उभा आहे. त्याची गळपट्टी राखून कापलेली जागा आता चोहोबाजूंनी भरून येत आहे. तोच माणूस दर वर्षी पावसापूर्वी येतो. आता त्याच्याकडे हार्नेस आहे, आणि तो आणण्यात आमच्या गल्लीतील काही घरांचा थोडा वाटा आहे. तो आला की आधी चहा होतो, मग दोघे मिळून दोर तपासतो. काम संपेपर्यंत मी अंगणातून हलत नाही. संध्याकाळी त्याला नावाने हाक मारतो, “अण्णा, पुरे झाले, आता खाली ये.” तो खाली उतरतो, चपला पायात घालतो आणि आपल्या मुलाबाळांकडे जातो. येत्या वळवापूर्वी आपल्या अंगणात जो माणूस चढेल, तोही असाच आपल्या पायांनी घरी परतावा, ह्यासाठी आपण आजच त्याचे नाव विचारून ठेवू या.